मोटरीचा फोन चौथीत

पत्रकात लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांनी दर शनिवारी आपापले डिजिटल साधन वर्गात आणावे.’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठली मुलं होती कोण जाणे. माझ्या चौथीच्या मुलांनी ते शब्दशः पाळलं. पहिल्याच शनिवारी एकाने टीव्हीचा रिमोट आणला, एकीने आजोबांचं शुगर तपासायचं मशीन आणलं, आणि किराणा दुकानदाराच्या मुलीने चक्क दुकानातला डिजिटल काटा भावाच्या मदतीने उचलून आणला. मुलांनी त्याच्यावर आपापली दप्तरं तोलली, मग एकमेकांना तोललं. मधल्या सुट्टीत वर्गात कोणी नाही असं पाहून आमचे मुख्याध्यापकही त्यावर उभे राहिले आणि उतरल्यावर काटा खराब असल्याचं त्यांनी जाहीर केलं. तेवढ्यात दुकानदार हजर झाला. सकाळपासून तो गिऱ्हाइकांना अंदाजाने साखर बांधून देत होता आणि अर्थातच भांडायच्या तयारीने आला होता.

मी मूळची धुळ्याची. लग्नानंतर घर जळगावात मेहरूणला आणि नोकरी सावद्याच्या पुढच्या एका केळीच्या गावात. सकाळची एसटी, मग काळीपिवळी, मग थोडं चालणं. एवढं करून शाळेत पोचल्यावर माणसाला निदान तासभर तरी शांतता हवी असते. मला शनिवारी ती कधीच मिळाली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी मुलांना नीट समजावून सांगितलं की डिजिटल साधन म्हणजे घरचा मोबाइल आणायचा, बाकी काही नाही. ते त्यांनी ऐकलं आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली.

त्याचं असं आहे की आमच्याकडे मोबाइल एकटा येत नाही, त्याच्या मागोमाग सगळं घर येतं. गणिताच्या मध्येच कोणाच्या तरी खिशातून आरती सुरू व्हायची. केळीचे व्यापारी फोन करून भाव सांगायचे. एका मुलाच्या सुरतच्या आत्याला शनिवारचा नियम काही केल्या पटत नव्हता, ती वर्गात फोन करून त्याला ‘आईला दे’ म्हणायची. तो बिचारा उभा राहून सांगायचा, “आत्या, आई घरी आहे, फोन शायेत आला आहे.” (इकडे शाळेची ‘शाया’ होते आणि केळीची ‘केयी’.) मग ती त्याच्याशीच अर्धा तास बोलायला तयार. शेवटी मी सगळ्यांना फोन विमानावर लावायला शिकवलं. पडद्यावर विमानाचं चित्र आलं की बाहेरचा कोणी आत येत नाही. ‘विमान लावा’ म्हटलं की मुलं टकाटक बोटं दाबायची, आणि मला वाटायचं, आपण फार मोठा शोध लावला.

आई धुळ्याहून फोन करायची तेव्हा मी तिला या गमती सांगायचे. ती हसायची आणि आमच्या अहिराणीत विचारायची, “बठ्ठं गावच तुन्हा वर्गमा बठेल शे का व?” म्हणजे सगळं गावच तुझ्या वर्गात बसलंय का. आणि मग, “आम्हना टाइमले पाटी व्हती. तिले कधी कोन्हा फोन उना नही.”

या सगळ्या गोंधळातून एक काम मात्र चांगलं निघालं. मुलं धडा मोठ्याने वाचायची, फोनमध्ये आवाज भरायची, मग स्वतःच ऐकायची. स्वतःचा आवाज ऐकल्यावर प्रत्येक मूल पहिल्यांदा ओरडतं, “हा मी नाही!” मग हळूहळू मानतं, मग अडखळलेल्या जागा शोधून काढतं, आणि न सांगता पुन्हा वाचतं. मी वर्षानुवर्षं ‘नीट वाच, नीट वाच’ म्हणून घसा कोरडा केला होता. ते काम हा चपटा तुकडा कपाळाला आठी न पाडता करत होता. वर आवाज फोनमधून घरी जायचा. संध्याकाळी आजोबा, आई, शेजारीपाजारी बसून ऐकायचे, कौतुक व्हायचं, कोणी तरी दहा रुपये काढून द्यायचं. शनिवारचा खरा खाऊ तो होता.

ज्यांच्याकडे फोन आणायची सोय नव्हती, त्यांना मी दुसऱ्याच्या फोनवर पाहुणे म्हणून बसवायचे. पाहुणे मजेत असायचे. फक्त एक मुलगी सोडून.

ती केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. जमीन थोडी, पण बाग चांगला. मुलगी अंगाने बारीक, केसांना भरपूर तेल, वहीतलं अक्षर टपोरं. वाचायची छान, पण इतक्या हळू आवाजात की तिच्या शेजारणीने मान तिरकी केल्याशिवाय ऐकू यायचं नाही. शनिवारी ती पाहुणी म्हणून बसायची आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायची. फोन तिच्या पुढ्यात आला की ती मागे सरकायची. मी म्हणायचे, अगं, धर तरी. ती मान हलवायची. दोन-तीन शनिवार मी धीर धरला. मग मला राग आला. एवढा कसला ताठा, असं मनात म्हणत मी एकदा तिचा हात धरून फोनवर ठेवायला गेले तर ती रडायलाच लागली.

“मॅडम, कोनाची तरी मोटर चालू होऊन जाईन,” ती म्हणाली.

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग तिने हुंदके देत जे सांगितलं ते ऐकल्यावर मात्र माझं हसणं थांबलं.

तिच्या घरी एकच फोन. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरला एक डबा बसवलेला असतो, त्यात सिमकार्ड असतं. शेतात थ्री फेज लाईट आली की तो डबाच मालकाला फोन करतो आणि एक बाई सांगते, ‘लाईट आली आहे, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा.’ एक दाबलं की कोसभर लांब मोटर सुरू. लाईट गेली की तेही ती बाई फोन करून सांगते. आमच्याकडे हे आता घरोघरी आहे, त्याचं कोणाला नवल वाटत नाही. पण या मुलीने लहानपणी खेळता खेळता एक दाबलं होतं. विहिरीत पाणी नव्हतं. मोटर कोरडी फिरली आणि जळाली. त्या दिवशी घरात जे झालं, त्यावरून तिने एवढंच घेतलं की फोन हे मोटर चालवायचं यंत्र आहे आणि त्याला लहान मुलांनी हात लावायचा नसतो. बोलणं, गाणी, फोटो ही त्याची वरची कामं. प्रत्येक फोनच्या पलीकडे कुठे ना कुठे एक मोटर आहे, आणि आपलं बोट चुकून लागलं तर कोणाची तरी मोटर जळेल, अशी तिची पक्की समजूत होती.

मी तिला माझा फोन दिला. म्हटलं, माझ्याकडे शेतही नाही आणि मोटरही नाही, दाब कुठलाही आकडा. तिने खूप वेळ विचार करून एक दाबलं. काही झालं नाही. तिने छपराकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, मग हसली. वाटलं, सुटला प्रश्न. मी म्हटलं, “मग आता वाच बरं, भरू तुझा आवाज याच्यात.”

तिने फोन अलगद माझ्या टेबलावर ठेवला.

“नको, मॅडम. मंग माह्यं वाचन तुमच्या घरी जाईन.”

खरंच होतं ते. तिचा आवाज मेहरूणला आमच्या घरी जाऊन काय करणार होता? माझा नवरा ऐकून म्हणाला असता, छान आहे, आणि पुन्हा क्रिकेट लावलं असतं. तिला तिचं वाचन तिच्या घरी न्यायचं होतं, बाकी मुलं नेत होती तसं. त्यासाठी मोटरीचा फोन शाळेत यायला हवा होता.

म्हणून एका संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. वडील नुकतेच बागेतून आले होते, हातापायांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. आईने चहा ठेवला. मी विषय काढला तशी त्या गृहस्थांची मान आडवी हलायला लागली ती चहा येईपर्यंत थांबली नाही.

“मॅडम, फोन शायेत गेला तं केयीले पानी कोन दीन? तुमी?”

मी म्हटलं, “भाऊ, डब्यात दुसराही नंबर भरता येतो म्हणतात. तुमच्या भावाचा भरा.”

हे मी बोलायला नको होतं. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. भावाशी विहिरीच्या पाळीवरून बोलणं बंद होतं, हे गावात माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत असावं.

“मग माझा नंबर भरा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझी सगळी पदवी, पदविका आणि सेवाज्येष्ठता त्यात विरघळली. केळीचा बाग एका धुळ्याच्या मास्तरणीच्या बोटावर सोडायचा! चहात साखर आहे की नाही हे त्यांनी पुन्हा पुन्हा ढवळून पाहिलं.

त्यांचंही चुकत नव्हतं. एप्रिल चालू होता. घड निसवलेले, म्हणजे नुकते बाहेर पडलेले होते, लोक पानांना उन्हाची झळ लागू नये म्हणून बागेच्या कडेला कुडाच्या ताट्या लावत होते. लाईटची पाळी त्या आठवड्यात सकाळची होती. ती कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नव्हता. आली की लगेच मोटर लावायची, गेली की हात जोडून बसायचं. त्या उन्हात पाणी चुकलं की घड हलका राहतो. मग व्यापारी कानाला हात लावून भाव पाडतो. वर्षभराची मेहनत होती ती.

शेवटी तिची आई दारात आली. ती एवढंच म्हणाली, “बठ्ठ्या पोरींच्या घरी आवाज जाते. आपल्या घरी मोटरवाली बाईच बोलते.”

वडिलांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “एक शनिवार. एकच. अन् लाईट आली का लगेच मोटर चालू झाली पाहिजे. एकडाव चुकलं तं पुन्हा फोनचं नाव घेवाचं नही.”

मुलगी दाराआडून ऐकत होती. मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत सोडायला आली आणि माझी पिशवी उचलून चालली.

त्या शनिवारी ती फोन तिच्या आईच्या नव्या हातरुमालात गुंडाळून घेऊन आली. तसा साधाच फोन, कोपऱ्यात काच तडकलेली, मागे चिकट पट्टी. वर्गाला सगळी हकीकत कळलेली होती. माझ्याकडून नाही, पण गावात अशा गोष्टी कोणाला सांगाव्या लागत नाहीत. सगळ्यांनी स्वतःचे फोन बाजूला ठेवून तिच्याभोवती कोंडाळं केलं. परिपाठाला प्रार्थना म्हणताना अर्ध्या वर्गाचे डोळे तिच्या रुमालावर होते. मुख्याध्यापकही एकदा येऊन ‘आली का लाईट?’ विचारून गेले.

मी सवयीने फळ्याकडे वळले आणि म्हणाले, “चला, विमान लावा.”

“नाही.”

आवाज इतका मोठा होता की मला वाटलं, दुसरंच कोणी बोललं. ती उभी राहिली होती. फोन दोन्ही हातांनी छातीशी धरलेला.

“माह्या फोनाले विमान नही लागत, मॅडम. त्याच्यावर केयी आहे.”

वर्षभर जिचा आवाज शेजारणीला ऐकू येत नव्हता तिने मला, तिच्या वर्गशिक्षिकेला, भर वर्गात ‘नाही’ म्हटलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आणि माझी चूकही कळली, कारण मी सांगितलं तसं तिने मुकाट्याने विमान लावलं असतं तर लाईट आल्याचं आम्हाला कळलंच नसतं.

बाकीच्यांनी विमान लावलं. तिने नाही. आम्ही ठरवलं की तिने व्हरांड्यात बसून वाचायचं. धडा मुंग्यांचा होता. तिने घसा साफ केला, बटण दाबलं, आणि ‘मुंगी लहान असते, पण’ एवढं म्हणेपर्यंत फोन वाजला. लाईट आली होती. वर्गातली सगळी मुलं व्हरांड्यात. तिने एक दाबलं. थोड्या वेळाने ती बाई शांतपणे म्हणाली, ‘मोटर चालू झाली आहे.’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. कोणी तरी म्हणालं, “पानी गेलं असीन आता पहिल्या वाफ्यापर्यंत,” आणि सगळ्यांनी मान डोलावली. ठिबक आहे, वाफे कुठले, असं मी म्हणणार होते, पण मीही मान डोलावली.

ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली. ‘मुंगी लहान असते, पण ती कधी’ आणि फोन. लाईट गेली. तिसऱ्यांदा ती अर्ध्या पानापर्यंत पोचली तेव्हा लाईट आली. चौथ्यांदा व्यापाऱ्याचा फोन आला आणि तिने त्याला बजावलं की पप्पा बागेत आहेत आणि मी वाचन करून राहिली. मुंग्यांनी आपलं धान्य त्या दिवशी किती वेळा वाहून नेलं असेल, त्या मुंग्यांनाच माहीत. मला तिची दया यायला लागली होती. मी म्हटलं, राहू दे, अर्धं झालं तेवढं ने. तिने मान हलवली. प्रत्येक वेळी ती पहिल्या ओळीपासून सुरू करायची, आणि प्रत्येक वेळी आवाज आधीच्यापेक्षा मोठा. शाळा सुटायच्या जरा आधी पूर्ण धडा एकदाचा भरला. शेवटचा शब्द वाचून तिने बटण दाबलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. आम्ही कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, फोन पुन्हा वाजेल या धास्तीने.

तेवढ्यात तो वाजलाच, लाईट गेली होती, आणि काही वेळाने फाटकात मोटरसायकल थांबली. तिचे वडील. डोक्याला ओला गमछा, तोंड उन्हाने रापलेलं. नळ्यांमधलं पाणी अचानक थांबलेलं पाहून ते बागेतून थेट आले होते. फोन इथे, म्हणून विचारायलाही कोणाला फोन करता येत नव्हता.

“काय झालं?” त्यांनी व्हरांड्याच्या पायरीवरूनच विचारलं.

“लाईट गेली, पप्पा. मी नही काही केलं,” ती म्हणाली.

त्यांनी हात पुढे केला. “झालं ना तुमचं? आन इकडे. मॅडम, आता पुन्हा नका सांगजा. माह्या जिवाले घोर लागते.”

मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. तिने आज सगळ्या लाईटी बरोबर पकडल्या, एकही चुकवली नाही, हे सांगायचं होतं. पण तिने मला वेळच दिला नाही. फोन त्यांच्या हातात द्यायच्या आधी तिने बटण दाबलं.

‘मुंगी लहान असते, पण ती कधी रिकामी बसत नाही.’

ते वाक्य बाहेर आलं आणि तिच्या वडिलांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. आवाज स्वच्छ होता, मोठा होता, कुठेही अडखळत नव्हता. मागे कुठे तरी कोंबडा आरवलेला ऐकू येत होता, मुख्याध्यापकांचा खोकलाही होता. वडिलांनी चपला पायरीशी काढल्या आणि ते एक पाऊल वर आले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा मुलीकडे. हीच बोलते आहे ना, असं विचारल्यासारखं माझ्याकडेही पाहिलं. मी मान डोलावली.

धडा मध्यावर आला आणि आवाज एकदम तुटला. फोन वाजत होता. विहिरीवरच्या डब्याचा फोन. लाईट आली होती.

मुलीने घाईने एक दाबण्यासाठी बोट पुढे केलं. वडिलांनी फोन तिच्या हातातून घेतला आणि कट केला.

“पप्पा, लाईट!” ती जवळजवळ ओरडलीच.

“राहू दे,” ते म्हणाले. “थांबतीन केयी जरासं. तू लाव.”

त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला. तिने एकदा त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग धडा जिथे तुटला होता तिथून नाही, पहिल्यापासून लावला.